इंजिन खोलायचं की गाडी विकायची?

मंगळवारी सकाळी मांजरसुंब्याच्या घाटात आमची गाडी पुन्हा बंद पडली. आमची म्हणजे माझी… पण बीडहून नेकनूरजवळच्या शाळेत आम्ही तिघी शिक्षिका रोज तिच्यातूनच जायचो. मी, शेख मॅडम आणि अनिता. शेख मॅडम आता रिटायरमेंटला आल्या आहेत. अनिता वयाने सगळ्यात लहान आणि बोलण्यात सगळ्यात पुढे.

गाडीचं दुखणं ठरलेलं. इंजिन तापलं की बंद. बॉनेट उघडून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, मग काही झालंच नाही अशी चालू होते. सेकंडहँड घेतल्यापासून फ्युएल पंप बदलला, वायरिंग बदललं, बॅटरी बदलली… दुखणं तिथंच.

शाळेत पोचलो तर परिपाठ संपलेला. हेडमास्तरांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. मी दोघींना परत एकदा सॉरी म्हटलं.

संध्याकाळी बार्शी नाक्यावर आमच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. "आता इंजिन खोलावं लागंल मॅडम. नीट व्हईल बी, पर लिहून देत न्हाई," तो म्हणाला.

घरी मिलिंदचं, माझ्या नवऱ्याचं, मत तयारच होतं. "खोलू दे. हिचे रोग आपल्याला माहीत तरी आहेत. दुसरी जुनी घेतली तर तिचे नव्याने शोधत बसावं लागेल."

पटण्यासारखं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच ऐकायचं होतं. चाळिशीत ड्रायव्हिंग शिकले ते हिच्यावरच. माझ्या नावावर घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. ज्या दिवशी दारात आणली, त्या दिवशी माझी आई कुठे जायचं नसतानाही बराच वेळ पुढच्या सीटवर बसून राहिली होती…

शनिवारी इंजिन खोलायचं ठरलं.

बुधवारी शेख मॅडमचा मेसेज आला, बँकेत काम आहे, मागून येते. अनिताकडे पाहुणे. गुरुवारीही दोघींचं काहीतरी निघालं. मी एकटीच निघाले.

घाटात माझ्या पुढे एसटी होती. चढावर ओव्हरटेक करायची माझी हिंमत नाही, म्हणून मागेच राहिले. सहज वर पाहिलं तर मागच्या काचेत शेख मॅडम आणि अनिता! दोघी शेवटच्या सीटवर, एकमेकींकडे वळून. अनिता हातवारे करत काहीतरी सांगत होती आणि शेख मॅडम तोंडावर ओढणी धरून हसत होत्या.

त्यांनी मला पाहिलं नाही. मला मात्र लागलं. खोटं सांगितलं याचं नाही एवढं… माझ्या गाडीत शेख मॅडम अशा कधी हसल्या होत्या, ते मला आठवेना.

दुपारी डबे उघडता उघडता मी सरळ विचारलं. "बसनेच यायचं होतं तर सांगायचं ना. गाडी बंद पडते, मला कळत नाही का?"

अनिता म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका. गाडी बंद पडती त्याचं काय न्हाई हो, आमी त्याचा राग कशाला धरू? पर ती चालू असती ना, तवाच जास्त तरास होतो."

"म्हणजे?"

"तुमी बोलूच देत न्हाई. कुणी तोंड उघडलं की तुमचं सुरू, थांबा, इंजिनातून आवाज येतोय. गाणं बंद, फॅन बंद, काचा वर. लई टेन्शन येतं. रोज पेपरला बसल्यावानी वाटतं."

मी हसले खरी, पण हसू टिकलं नाही. कारण मग शेख मॅडम हळूच म्हणाल्या, "अगं, सोमवारी मी सांगत होते तुला… माझ्या सुनेला दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. तू म्हणालीस, एक मिनिट मॅडम. मग मी गप्पच बसले."

सोमवारची सकाळ मला चांगली आठवत होती. डाव्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तोही आठवत होता. मॅडम काहीतरी सांगत होत्या, हे मात्र अजिबात आठवेना.

मी उठून त्यांना मिठी मारली. "डबा सांडंल ना," अनिता ओरडली आणि तिघींचेही डोळे भरले.

शाळा सुटल्यावर मेकॅनिकला फोन करून सांगितलं, इंजिन खोलू नका. मिलिंद वैतागला. "एकदा करून तर बघू. नीट होईलही."

"होईल. पण नीट झाली तरी माझा कान तिथंच राहणार. माझा भरवसाच उडालाय तिच्यावरचा."

मग तो म्हणाला, "जेवतानाही तू तिचंच बोलतेस, हे खरं आहे."

शेवटी गाडी मेकॅनिकनेच घेतली. तिची सगळी दुखणी त्याला पाठ, त्यामुळे लपवायचा प्रश्न नव्हता. सवडीने इंजिन खोलीन म्हणाला. तो घेऊन गेला तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू…

मग वडवणीला एका डॉक्टर बाईंची गाडी विकायची असल्याचं कळलं. जुनीच, पण जपून वापरलेली. मेकॅनिकने बघून बरी म्हटलं, मग ट्रायलला मी शेख मॅडम आणि अनिताला नेलं. त्यांना एकच काम दिलं, मागे बसून गप्पा मारायच्या.

बऱ्याच पुढे गेल्यावर डॉक्टर बाईंचा फोन आला, "मॅडम, कुठपर्यंत गेलात?" येणाऱ्या बाळाच्या नावावरून आमच्या तिघींचं भांडण इतकं रंगलं होतं की मी गाडी वळवायचीच विसरले होते.

तीच घेतली.

तोंडावर खरं बोलणारं माणूस क्षणभर नकोसं वाटतं. पण त्या दिवशीही त्या दोघी काही बोलल्या नसत्या, तर मी आजही इंजिनच ऐकत बसले असते…

अनिता, शेख मॅडम, बोललात ते बरं केलंत.