भरणाऱ्याचा पहिला बार

मागच्या महिन्यातला एक रविवार. सकाळी भिलाईच्या सुपेला चौकातल्या टपरीवर ताई चहा पीत होती... म्हणजे ग्लास हातात धरून जागच्या जागी नाचत होती.

ताई माझी मोठी बहीण. स्टील प्लांटमध्ये क्रेन मेंटेनन्सला आहे, पन्नाशीला टेकली आहे, आणि पुढच्या रविवारी रायपूरला आयुष्यातली पहिली ट्रॅप शूटिंगची स्पर्धा खेळणार होती! मशीन मातीची तबकडी हवेत फेकतं, ती खाली यायच्या आत फोडायची. बंदूक बाबांची बारा बोअर, आता रीतसर ताईच्या लायसन्सवर.

अडचण काडतुसांची होती. लायसन्स असलेल्या दुकानात माल संपला होता आणि ताईजवळ उरला होता एकच डबा, स्पर्धेपुरता. सरावाला काही नाही... आणि सराव सुटला की तिचा खांदा बार निघायच्या आधीच मागे सरकतो.

तेव्हा नेमबाजांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मला एक नंबर मिळाला. हा माणूस रिलोड केलेली काडतुसं विकतो, म्हणजे एकदा उडालेल्या रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू आणि छर्रे भरून. मी फोन केला. विचारलं एवढंच, कुठले तुम्ही? म्हणाला, खुर्सीपारचा, पप्पा रोलिंग मिलमध्ये होते.

बस्स. आमचे बाबाही रोलिंग मिलमध्ये होते... भिलाईत एवढं पुरतं. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. ताईला म्हणालो, आपलाच माणूस आहे.

चहा संपवून आम्ही शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर गेलो. तो गेटबाहेर स्कूटर लावून उभा होता. त्याने डिकीतून डबा काढून उघडला आणि मी खरंच हरखलो. लाल, हिरवी, निळी... पितळ घासून असं चमकवलेलं की दिवाळीच आली.

‘कंपनी से तेज़ हैं दीदी,’ तो म्हणाला. ‘और लायसन्स-वायसन्स कुछ दिखाना नहीं.’

ताईने एक काडतूस उचललं, उजेडात धरलं, कानाशी हलवलं. मला रेंजवरच्या सरांचा पहिला धडा आठवला. दारू कमी पडली तर बार फुसका होतो, आतलं बूच नळीतच अडकतं, आणि त्यावर दुसरा बार गेला की नळी फाटते... नेमकी डाव्या हाताशी. दारू जास्त झाली तर पहिल्याच बाराला घात. आणि बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

आठवलं, पण मी बोललो नाही. सराव हवाच होता ना...

‘ये आप खुद भरते हो?’ ताईने विचारलं.

‘अपने हाथ से, दीदी.’

‘बढ़िया. तो चलो अंदर, पहला फायर आप करो.’

तो हसला. ताई हसली नाही. ‘हमारे यहाँ जो क्रेन सुधारता है ना, पहला बटन वही दबाता है. बाकी सब दूर. घर जाके पप्पा से पूछ लेना.’

‘मेरे को चलाना नहीं आता, दीदी.’

‘कोई बात नहीं, चलाने वाला मिल जाएगा. आप बस बाजू में खड़े रहो. एकदम सटके.’

त्याने ताईच्या खांद्यावरच्या बंदुकीच्या पिशवीकडे पाहिलं. मग डब्याकडे. मग म्हणाला, आज कान में दर्द है... आणि ती सगळी दिवाळी पुन्हा डिकीत गेली! स्कूटर वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं पाहत होतो.

‘ताई, सरांनी तसलं काडतूस आत येऊ दिलं असतं?’

‘गेटातूनच हाकललं असतं. त्याले कुठं मालूम हाये?’ मग माझ्याकडे वळून, ‘अन् तू कावून इतका भाळला गा? रोलिंग मिल त्याच्या बापाची, काडतूस त्याचं!’

सरांना सांगितलं. त्यांनी तो नंबर पोलिसांना कळवला.

‘आता सराव?’ मी विचारलं.

‘बंदूक हाये ना. रिकामी.’

पुढचा आठवडा मी कधी विसरणार नाही. ताई बंदूक उघडून सरांना दाखवायची, नळी रिकामी. मग तबकडी उडायची, नळी तिच्यामागे फिरायची, आणि माझी ही बहीण तोंडाने जोरात ओरडायची... ‘ठोऽऽ!’ पहिल्या दिवशी सगळी रेंज हसली. आठवडा संपता संपता आणखी दोघंजण ‘ठो’ करत होते. माल त्यांचाही संपलाच होता.

स्पर्धेच्या दिवशी खऱ्या डब्यातलं पहिलं काडतूस. तबकडी उडाली... आणि हवेत नुसती धूळ! मी इतका ओरडलो की शेजारी बसलेल्या एका काकूंनी मला बसायला लावलं. मेडल मिळालं नाही. पण खांदा एकदाही मागे सरकला नाही.

लायसन्स असलेल्या मित्रांना सांगायचं ते एवढंच. अनोळखी हाताने भरलेलं काडतूस घेऊ नका, तो कितीही आपला वाटला तरी. आणि ज्याने कोणी प्लांटमध्ये ती पहिल्या बटनाची रीत घालून दिली, त्याचे आभार.

शेवटची तबकडी फुटल्यावर ताईने बंदूक उघडून ठेवली आणि माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले. लोक बोर्डावरचा स्कोअर पाहत होते. मी ते दोन हात पाहत राहिलो.