गाव संपतं रस्त्याच्या मधोमध

मंडळी, आज बसस्टॉपला शेड हवी म्हणून टाउन हॉलमध्ये भांडून आले.

१९८६मध्ये आम्ही इंग्लंडहून न्यू जर्सीत आलो, तेव्हाही मी हाच अर्ज दिला होता. तिकडे पाच गावांचं मिळून एकच कौन्सिल होतं, इथेही तसंच असेल असं धरून चालले. क्लार्क म्हणाली, “आमचं गाव रस्त्याच्या मधोमध संपतं. स्टॉप पलीकडच्या गावात आहे.” ओशाळून अर्ज घरी नेला आणि कित्येक हिवाळे बर्फात उभी राहिले.

आता तिथे शेजारची नेहा बाळाला घेऊन उभी असते. आज पलीकडच्या गावाचे साहेब म्हणतात, “स्टॉप आमचा, पण पॅसेंजर तुमच्या गावचे. तुमच्या मेयरना सांगा.”

या वेळी मी अर्जाच्या दोन कॉपी नेल्या होत्या. एक त्यांच्या टेबलावर ठेवली. दुसरी घेऊन उद्या आमच्या मेयरसमोर बसणार. कोण येतंय सोबत?