नवव्या खणातली पट्टी

विनी हार्गेट कापडगिरणीतल्या कामगाराची लेक. यॉर्कशायरच्या त्या गावात पोरगी चौदाची झाली की मागावर उभी राहायची. विनी आकड्यांना चलाख, म्हणून विद्यापीठाच्या स्फटिकांच्या प्रयोगशाळेत बेरजेला लागली. तिथं तिची सतरा वर्षं गेली, त्यातली अकरा हेटी सग्डनच्या समोर, एकाच टेबलाला.

काम सांगायला सोपं. स्फटिकावर क्ष-किरण सोडला की फिल्मवर काळे ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे स्फटिकातली एकेक लाट. ठिपका मधल्या जागेपासून जितका लांब, तितकी त्याची लाट दाट. अशा शेकडो लाटा एकावर एक चढवल्या की अणू कुठं बसलेत ते कागदावर टेकाडांसारखं वर येतं. लाट केवढी, ते ठिपक्याच्या काळेपणावरनं कळतं. ती अधिक धरायची का उणे, हे मात्र ठिपका सांगत नाही, आणि सगळं घोडं तिथंच अडतं.

लाटांचे आकडे जाड कागदाच्या पट्ट्यांवर छापलेले असायचे. लाकडी पेटीत चार हजार पट्ट्या, खणाखणानं लावलेल्या: ओळीतला ठिपका कितवा, त्या नंबरचा खण, आणि खणात लाटेच्या मापानं पट्ट्या. एका अंगाला अधिकाचे आकडे, दुसऱ्या अंगाला उण्याचे. हेटी पट्ट्या काढून मांडायची, विनी उभ्या बेरजा करायची. चहाची घंटा झाली की हेटी हातातली पट्टी पेटीत उलटी खोचून उठायची. परत आल्यावर कुठवर आलो ते कळावं म्हणून.

"आगं, एक दिवस इसरशील आन् सगळ्या बेरजंची माती हुईल," विनी म्हणायची.

"मग तू कशाला हाईस? निस्ता केक हाणायला?"

केक हेटीच्या आईचा असायचा. ओट्सच्या पिठाचा, काकवी घातलेला, बोटांना चिकटणारा.

एका निळ्या स्फटिकावर दोघींनी तीन वर्षं घालवली. अधिक-उणे जुळेना, चित्र काही निघेना. एकोणीसशे शेचाळीस साली हेटीनं कॅनडाच्या एका शिपायाशी लग्न केलं आणि बोटीत बसली. शेवटच्या दिवशी चहाला म्हणून टेबलावरनं उठली, खाली नवरा गाडी घेऊन आलेला, ती तशीच गेली. जिन्यातनं ओरडली, "चित्र निघालं की कळीव. हवापाण्याची पत्रं धाडू नगंस."

विनीनं ते शब्दाला शब्द पाळलं. चित्र नाही तर लिहायचं काय? नाताळाला हेटीचं कार्ड यायचं, त्यावर दोनच शब्द: निघालं का? गेली दोन वर्षं तेही आलं नव्हतं.

बावन्न साली प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर थ्वेट म्हणाले, "सोमवारपासून बेरजा मँचेस्टरच्या गणकयंत्रावर जातील. पेट्या माळ्यावर टाकू."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी निळ्यासारख्याच घडणीच्या दुसऱ्या स्फटिकात ब्रोमिनचा जड अणू बसवून, दोन्हींचे ठिपके ताडून निळ्याचे अधिक-उणे पकडले होते.

"निळं मला द्या," विनी म्हणाली.

"यंत्र एका दुपारी करून देईल, विनिफ्रेड."

"करंल की. त्याला कुणाला पत्र लिवायचंय? शुक्रवारपत्तूर मला द्या."

नवी पेटी टेबलावर होती. पण ती स्टुलावर चढली आणि हेटी गेल्यापासून कपाटावर पडलेली जुनी पेटी फुंकून खाली घेतली. अकरा वर्षं हेटीच्या समोर बसून तिचा खण न् खण पाठ होता. पट्टी बघायची गरज नव्हती, जागेवरनं उचलायची.

गुरुवारी दुपारी चित्र उतरलं. टेकाडं होती, पण त्यांच्यामधनं सगळ्या कागदावर उभे वरंबे, शेत नांगरून ठेवल्यासारखे. दोन टेकाडं तर जिथं अणू मावणारच नाही तिथं.

थ्वेट चष्मा वर करून म्हणाले, "चिन्हं चुकली असतील. राहू द्या आता."

"चिन्हं चुकली असती तर समदा गोंधळ दिसला असता. ह्ये वरंबे सरळ हाईत. येकच लाट उलटी पडलीया."

तिनं मोजपट्टी लावून मोजलं. स्फटिकाच्या एका चौकोनात नऊ वरंबे, सारख्या अंतरावर. म्हणजे सरळ ओळीतला नववा ठिपका. त्याच्या लाटेचं माप चौऱ्याऐंशी. नववा खण, चौऱ्याऐंशीची पट्टी.

पट्टी उलटी होती. कडेला अंगठ्याएवढा तपकिरी डाग, वाळून कडक झालेला. विनीनं नखानं खरवडून वास घेतला. काकवीचा वास कधीच उडाला होता.

"सा वर्सं चहा पितीया भवानी," ती म्हणाली. 

उलटी धरलेली काढायची आणि सरळ घालायची, म्हणून त्या एका लाटेची दुप्पट तिनं कागदभर मिळवली. शुक्रवारी तीनला वरंबे गेले. अणू आपापल्या जागी बसले, दोन षटकोन शेजारी शेजारी, मधे एकच बंध.

चित्राची नक्कल तिनं पाकिटात घातली. मग नवव्या खणातली पट्टी उचलली. एका पट्टीवाचून पेटी लंगडी होते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिनं ती पाकिटात घातली, उलटीच.

पत्र असं होतं: "हेटी, निघालं. तुझ्यापायी आख्खा दिस वाया गेला माझा. ही तुझी पट्टी. सरळ करून परत धाड. पेटी माळ्यावर हाय, तिचा नववा खण मोकळा ठिवलाय."