मामी आणि लघुदाबाचा परवाना

अकोल्याच्या जुन्या शहरात विजेला भिणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण जिला बघून वीजच जरा जपून वागते अशी बाई एकच, आणि ती माझी मोठी मामी. लग्नाआधी ती आयटीआयमध्ये वायरमनकी शिकली, साऱ्या वर्गात एकटी मुलगी. पुढं मामाच्या ठेकेदारीत त्याच्या जोडीनं शिडीवर चढली. परवाना मात्र मामाच्या नावाचा. मामा गेला तसा तोही गेला, आणि तेरवीची भांडी घासून होतात न होतात तोच मामीच्या धाकट्या दिरानं सुचवलं, की दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं देऊन टाकावं. मामीनं तिथंच जाहीर केलं, की घरादुकानांच्या फिटिंगसाठी लागतो तो लघुदाब ठेकेदाराचा परवाना ती स्वतःच्या नावानं काढणार, परीक्षा देऊन. दीर हसला. "वहिनी, पन्नाशी उलटली तुमची. परीक्षा लेकराइनं द्याची असते."

"मंग तू दे ना बाप्पा," मामी म्हणाली, "तू तं अजून लेकरूच हायेस."

तिचा अभ्यास म्हणजे साऱ्या नातेवाइकांवर आलेलं संकट होतं. कुणाकडं गेली की ख्यालीखुशालीच्या आधी मीटर बघायची, आणि गीझरला अर्थिंग नसेल तर त्या घरचा चहा घ्यायची नाही. फोडणी घालताना नियम इतक्या मोठ्यानं घोकायची, की शेजारची फुलवाली हार गुंफता गुंफता फेज आणि न्यूट्रलमधला फरक गिऱ्हाइकांना समजावू लागली. दर्यापूरला एका भाचीच्या लग्नात तर तिनं कहर केला. मांडवाच्या ओल्या जमिनीवरून उघड्या जोडाची वायर गेलेली दिसली आणि हिनं सरळ मेन स्विच पाडला. बँड चालू, पण दिवे, पंखे, भटजींचा माइक, सगळं गप्प. वरबाप धावत आला. "अवो बाई, मुहूर्त टळून राहिला ना!"

"नवरदेवाले करंट लागला तं कोन्ता मुहूर्त पाहान?" असं म्हणून तिनं शालू कमरेला खोचला, पर्समधून टेप काढला आणि जोड नीट झाल्यावरच मंगलाष्टकं होऊ दिली.

एवढं करून पहिल्या खेपेला ती नापास झाली. पेपरात विचारलं होतं त्यापेक्षा जास्त, आणि विचारलं नव्हतं तेही, लिहीत बसली. अर्धा पेपर सुटला. दुसऱ्याच दिवशी दीर दुकानाची मापं घ्यायला मोजपट्टी घेऊन हजर. मामीनं पट्टीचं एक टोक त्याच्याच हातात दिलं. "आनलीच हाये तं धर. मले भितीवरच्या पाइपाचं माप घ्याचं हाये." त्यानं दुपारभर पट्टी धरली. मामी पुन्हा अर्ज भरून आली.

या खेपेला लेखीत ती पास झाली. तोंडी परीक्षेसाठी ती अमरावतीला माझ्याकडं उतरली. मी दाराबाहेर बसलो होतो आणि तिचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. परीक्षकांनी मवाळपणे विचारलं, "बाई, हाताखालची माणसं ऐकतील का तुमचं?"

"सायेब, हा प्रश्न अभ्यासक्रमात हाये काय? नसंन तं पुढचा इचारा."

मग पुढचा प्रश्न आला, त्याच्या पुढचाही, आणि मामी पास झाली.

परवाना हातात पडला त्या दिवशी मी अकोल्याला गेलो. दीरही आला होता. नव्या खोलीचं फिटिंग करून मागत होता, मान खाली घालून. तिनं कबूल केलं आणि त्याला चहा पाजला. सगळे पांगल्यावर ती काउंटरमागं टेकली. एवढ्या महिन्यांत मी तिला अशी गप्प बघितली नव्हती.

"मामी, काहून गप्प बसली?"

"काही नाई रे. तुहा मामा असता तं मनला असता, 'पेपर सोपा असंन.' असं भांडलो असतो आमी दोघं, का सारी गल्ली गोळा झाली असती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता साऱ्याइले हरवून बसली मी. भांडाव कोनासंगं?"