सत्यभामाबाईंचा राउटर

आमच्या गल्लीतल्या सत्यभामाबाई अकोल्याच्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिपाई होत्या. कॉम्प्युटरची लॅब उघडायची, टेबलं पुसायची, पोरं गेली की पंखे बंद करायचे. कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नव्हती. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी लॅबचं जुनं सामान भंगारात निघालं. त्यांनी एक कॉम्प्युटर मागून घेतला आणि ऑटोत मांडीवर धरून घरी आणला. त्यांचे यजमान वामनराव भाजी विकतात. ते त्याच्यावर लसणाची टोपली ठेवू लागले.

सून वर्षाली मागच्या खोलीतल्या मशीनवर बसून मोबाइलवरून शिवण शिकवते. तिच्या माहेरच्या, बार्शीटाकळीच्या अकरा बायका तिच्याकडून ब्लाउज बेतायला शिकत होत्या. गेल्या उन्हाळ्यात विजेचा दाब वाढला आणि राउटर जळला. केबलवाला म्हणाला, तारेतून नेट येतंय, पण नवा राउटर मिळायला पंधरा दिवस लागतील. घरात मोबाइलची रेंज नाही. गच्चीवर ती येते, पण शिलाई मशीन गच्चीवर कोण नेणार? वर्ग बंद पडला. पाचव्या दिवशी वर्षाली न जेवताच उठली.

सासूबाईंना आठवलं, लॅबमध्ये तार एकाच कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला होती आणि बाकी सगळ्यांना नेट त्याच्यातूनच मिळायचं. त्या लॅबच्या अनुप सरांकडे गेल्या. सरांनी वाय-फायचं कार्ड आणि एक पेनड्राइव्ह दिला, आणि घरी येऊन सगळं बसवून देतो म्हणाले.

"या सर, पण तुमी नुसतं सांगा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं मी धूळच पुसली. आता मले करू द्या."

सर शेजारी बसून सांगत गेले. बाईंनी स्वतः पेचकसानं झाकण उघडलं, कार्ड बसवलं, केबलवाल्याची तार जोडली, पेनड्राइव्हमधला प्रोग्राम चढवला, एकेका बोटानं पासवर्ड टाकला. मोबाइलवर वाय-फाय दिसलं, पण नेट येईना. वामनराव म्हणाले, राहू दे आता. बाई उठल्या नाहीत. सरांनी पडद्यावरचं सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं, तेव्हा नेट पुढे वाटून द्यायच्या चौकटीत खूण करायची राहिलेली सापडली. ती केली आणि मागच्या खोलीतून वर्षालीचा आवाज आला, "आत्या, आलं."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. कॉम्प्युटरचा पंखा दिवसभर घरघरायचा. वामनरावांची दुपारची झोप मोडायची, पण त्यांनी एकदाही बंद करा म्हटलं नाही.

केबलवाल्याचा राउटर पंधरा नाही, चाळीस दिवसांनी आला. वीज वाचावी म्हणून तो लावला. सत्यभामाबाई आता त्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकतात. वर्षालीच्या वर्गाची कापडाची मापं त्याच लिहून पाठवतात, आणि चूक निघाली की बार्शीटाकळीहून सरळ त्यांनाच फोन येतो.