ओवाळणीत मागितलेला टीव्ही गेम

व्हिडिओ गेम म्हणजे एकच खेळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी हातात धरलेला नाही. मी धरलाय. पन्नाशीला आलो होतो तेव्हा धरला. आज नातवंडांच्या मोबाइलमध्ये किती का खेळ असेनात, त्या चपट्या पिवळ्या कॅसेटमध्ये जेवढ्या तऱ्हा होत्या तेवढ्या मला त्यात दिसत नाहीत. कुणाला वाद घालायचा असेल तर धसईला येऊन घालावा, मी घरीच असतो.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, भातसानगरला धरणावर नोकरीला होता. त्याची पोरं शिकायला बाहेर गेली आणि त्यांचा टीव्ही गेम कपाटावर पडून राहिला. त्या पावसाळ्यात भावजय आजारी म्हणून बायको आठ दिवस तिकडं राहून आली, ती वेगळीच होऊन आली. भाकरी थापता थापता सांगायची, एका खेळात विमानं पाडायची असतात, दुसऱ्यात माणूस नुसता उड्या मारत जातो, तिसऱ्यात वरनं ठोकळे पडतात. मी म्हटलं, पोरखेळ. तर म्हणाली, पोरांचे खेळ तरी कुठं एक असतात? विटीदांडूत ज्याचा नेम लागतो तो हुतूतूत मार खातो. मी उठून गुरांना पाणी दाखवायला गेलो.

दिवाळीत भावानं निरोप पाठवून विचारलं, ओवाळणीला काय आणू. तिनं उलटा निरोप दिला, साडी नको, तो टीव्ही गेम आण. मला ऐकून नवल वाटलं. लग्न झाल्यापासून तिनं भावाकडं तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. आणलेली साडी घ्यायची, नाही आणली तर त्याला करंजी वाढायची, एवढंच.

भाऊबीजेला मेव्हणा सकाळीच आला. पिशवीतनं खेळ काढला, आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला वायरी लावल्या. बायकोनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी, ताटात सुपारी, अक्षता, निरांजनात वात भिजवलेली. मेव्हणा पाटावर बसला आणि गालात हसत म्हणाला, "ताई, गेम देईन. पण घरात खेळणारं कोण हाय? भावजींनी मला हरवून दाखवावं. पाच तऱ्हेचे खेळ खेळू. तीन जिंकले तर गेम ताटात. नायतर साडी हाय पिशवीत."

तो थट्टेनं बोलला असेल. पण बायकोनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात थट्टा नव्हती. हातातली काडेपेटी तिनं बाजूला ठेवली. निकाल लागेपर्यंत ओवाळणार नाही, आणि ओवाळल्याशिवाय भावानं पाटावरनं उठायचं नाही, असं तिनं सांगून टाकलं. मी बाह्या वर केल्या आणि रिमोट घेतला.

पहिला गाडीचा खेळ. मेव्हण्यानं बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही, प्रत्येक वळणाला गाडी धडकली. मी गवताच्या ट्रकमधनं माळशेज घाट किती वेळा उतरलो असेन. भरलेली गाडी वळणाला कशी न्यायची ते ड्रायव्हरच्या शेजारी बसून बसून अंगात मुरलं होतं. मी हळू गेलो, एकदाही धडकलो नाही आणि त्याच्या आधी पोचलो. बायको खुदकन हसली.

दुसरा विमानाचा. हा मी हरलो, आणि का हरलो ते सांगायला मला लाज नाही. मी गोळ्या जपून मारत होतो. एक विमान, एक गोळी. मेव्हणा धडाधड उडवत सुटला होता आणि मी मनात म्हणत होतो, संपतील तेव्हा कळेल. त्या संपतच नाहीत. माझं विमान पडल्यावर त्यानं हे सांगितलं.

तिसरा मारामारीचा, दोन पैलवान समोरासमोर. मेव्हणा त्याच्या पैलवानाला हवेत फिरवत होता, नाना कळा दाबत होता. मी कोपरा धरला, खाली बसलो आणि एकच बटण दाबत राहिलो. तो आला की नडगीवर लाथ. आला की नडगीवर लाथ. तो म्हणाला, ही काय कुस्ती झाली? मी म्हटलं, पडला कोण ते बघ.

चौथा उड्यांचा. माणूस पळतोय, वाटेत भिंती, खड्डे, अंगावर येणारी जनावरं. मला तो सगळ्यात आवडला. जणू नवीन गाव लागत होतं, पुढं काय असेल म्हणून जीव नुसता वरखाली होत होता. पण पहिलाच खड्डा आला तसा मी माणसाला अलगद आत उतरवला. खड्ड्यात काय आहे ते बघायला नको? काहीच नव्हतं. माणूस मेला. तिन्ही माणसं मी तशीच घालवली, कारण दर वेळी वाटायचं, ह्या खड्ड्यात तरी काहीतरी असेल.

दोन त्याचे, दोन माझे. उरला ठोकळ्यांचा.

तो बघितला आणि मला मनातनं हसूच फुटलं. वरनं ठोकळे येतात, ते फिरवून खाली रचायचे. अहो, मी जन्मभर दुसरं काय केलं? भात झोडून झालं की आमच्याकडं गवताचा धंदा सुरू होतो. डोंगरातलं गवत कापून वखारीत येतं, तिथं दाबून गाठी बांधतात आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. वखारीत गंजी रचायला मालक मलाच बोलवायचा. मी रचलेली गंजी ना कधी कलली, ना कधी आतनं तापली. आधी मेव्हणा खेळला. बेचाळीस ओळी झाल्या आणि त्याचे ठोकळे वर टेकले. मी त्याला सांगितलं, आता बघ.

मी नवखा म्हणून मला तीन डाव ठरले होते, त्यातला एक तरी बेचाळीसच्या वर जायला हवा होता. माझा पहिला सात ओळींत संपला. दुसरा पाचात.

मला काही कळेना. रचण्यात खोट नव्हती. ठोकळा बसवायचा, शेजारी बोटभर फट सोडायची, वरचा ठोकळा त्या फटीवर आडवा टाकायचा, गंजीत आम्ही टाकतो तसाच. बायको मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "अवो, भोकं नका सोडू."

मी म्हटलं, "गंजी रचायला तू शिकवणार मला? गच्च भरली तर आत वाफ धरते गो. पेटते."

"गंजी नाय ती. इथं ओळ गच्च भरली की जाते."

"कुठं जाते?"

"जाते म्हणजे जाते. नाहीशी होते. म्हणून तर जागा होते."

मला राग आला. रचलेलं नाहीसं होतं ते कसलं रचणं? मेव्हणा पाटावर मांडी बदलत होता, त्याचे पाय भरून आले होते. म्हणाला, भावजी, शेवटचा डाव. मी रिमोट घट्ट धरला. पहिला ठोकळा आला. आता मला खेळाची रीत कळली होती, डोक्यात पक्की बसली होती. पण अंगठा ऐकेना. ठोकळा फटीशी गेला की अंगठा आपोआप एक घर सोडून पुढं. भरलेल्या गवतात हात घालून बघायचा, आत गरम लागलं की आख्खी गंजी उपसायची, अशी किती वर्षं गेलेली. तो हात टीव्हीसाठी कसा बदलणार? खालच्या चार ओळींत सहा भोकं झाली आणि मला तिच्या ताटाकडं बघवेना.

मेव्हण्यासमोर मी कधी नमतं घेतलेलं नाही. त्याला सरकारी नोकरी, मी तिसरीतनं शाळा सोडलेला, म्हणून तर नाहीच. पण त्या दिवशी म्हणालो, "मला जमत नाय. तू घे."

रिमोट तिच्या हातात दिला. मेव्हणा म्हणाला, हे ठरलं नव्हतं, खेळ त्याचा आणि माझा होता.

ती म्हणाली, "ओवाळणी कुणाची रे?"

त्यानं मान डोलावली आणि मांडी सारखी केली.

मी अर्धा बिघडवलेला डाव तिनं तसाच घेतला. पदर खोचून जमिनीवर बसली. आधी वरची ओळ भरली, ती गेली, तिच्याखालचं भोक उघडं पडलं, मग त्यात उभा ठोकळा सोडला. माझी भोकं ती एकेक करून बुजवत होती आणि ओळी जात होत्या, एक, दोन, एकदम चार. मी गुडघ्यावर आलो. दहा झाल्या. वीस. ठोकळे आता असे कोसळत होते की माझे डोळे पुरेनात, आणि तिची बोटं मेथी निवडावी तशी चालली होती. पस्तीसला एक वाकडा ठोकळा भलतीकडं पडला तेव्हा मेव्हणासुद्धा "अरे अरे" करत पाटावरनं अर्धा उठला. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, बस खाली. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीसला मी श्वास घेतला नाही. त्रेचाळीसावी ओळ गेली आणि मी दोन्ही हात जमिनीवर एवढ्या जोरात आपटले की ताटातली सुपारी उडाली.

तिनं खेळ थांबवला, उठून हात धुतले आणि निरांजन लावलं. भावाला ओवाळलं. त्यानं स्वतःच वायरी काढल्या, गुंडाळल्या आणि सगळा बोजा ताटात ठेवला. ताट लहान पडलं, दोन्ही रिमोट बाहेर लोंबत राहिले. तिनं खेळावर हळदकुंकू वाहिलं. जाताना साडीही ठेवून गेला, म्हणाला, ही कुणी मागितली म्हणून नाय दिली.

दुपारच्या एसटीनं तो मुरबाडमार्गे परत गेला. आवारात भात पसरलेलं होतं, ते ढिगाला ओढायचं तसंच राहिलं. तिनं वायरी परत लावल्या. एक रिमोट माझ्याकडं सरकवला आणि मारामारीचा खेळ काढला.

"या," म्हणाली.

मी नेहमीसारखा कोपरा धरायला निघालो. ती तिथं आधीच पोचली होती, खाली बसून. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं माझ्या नडगीवर पहिली लाथ त्या दुपारी मारली.