जासिराला घरी पाठवलं

ब्राझीलमधल्या जुइझ दे फोरा गावच्या आमच्या साप्ताहिकात आल्मेरिन्दाबाई अठरा वर्षं टायपिस्ट होत्या. मी शेजारच्या टेबलावर प्रुफं तपासायची. ओतासिल्युसाहेबांची क्रमशः कादंबरी बाई टाइप करायच्या. नवरा सोडून निघालेली बाई या साहेबांना सुखात कधी बघवली नाही. एकीला क्षय, दुसरीला नदी, तिसरीला मठ. बाई एकेकीला मुकाट्याने निरोप द्यायच्या आणि घरी जाऊन काळा घेवडा शिजत घालायच्या.

एकोणीसशे एकसष्टमध्ये साहेबांना अर्धांगवायू झाला. गोष्ट अर्धवट, आणि जासिरा नावाची नायिका नुकतीच घराबाहेर पडलेली. तुम्हाला त्यांची भाषा पाठ आहे, पुढचं तुम्हीच लिहा, नाव मात्र त्यांचंच राहील, असं संपादकांनी बाईंना सांगितलं. बाईंनी जासिराला मारलं नाही. तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी दिली, भाड्याची खोली दिली, आणि एका रविवारी तिने एकटीसाठी मासा तळला आणि निवांत बसून खाल्ला. बस, एवढंच. पण बायकांच्या पत्रांनी संपादकांचं टेबल भरून गेलं. मासा कोणता होता, असंसुद्धा एकीने विचारलं होतं.

घोडं अडलं ते घरात. बाईंचा नवरा वाल्देमार रेल्वेत कारकून होता. त्या काळी आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला नोकरी करायची तर नवऱ्याचं संमतिपत्र लागे, आणि मनात येईल तेव्हा तो ते मागे घेऊ शके. ही गोष्ट आता कोण लिहितंय हे कळल्यावर तो कचेरीत आला. आवाज चढवला नाही. हॅट मांडीवर ठेवून बाईंच्या समोर बसला.

"लोक म्हणतील, ही माझ्याच घरची गोष्ट आहे," तो म्हणाला. "त्या बाईला घरी पाठव. नाहीतर माझा कागद मी परत घेतो."

"घरी जाऊन तिने करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"तू काय करतेस?"

त्याच आठवड्यात जासिरा घरी परतली, नवऱ्याची माफी मागून चुलीपुढे उभी राहिली. समाप्त. मी चार दिवस बाईंशी बोलले नाही. माझं काय जात होतं रागवायला? मी बिनलग्नाची, मला कुणाची सही लागत नव्हती. त्या रागाची आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कायदा बदलला. मी ताजं वर्तमानपत्र घेऊन धावतच त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं होतं, हसतील. त्या नुसत्या दमलेल्या दिसत होत्या.

"म्हणजे आता त्याचा कागद नको?"

"नको. मनाला येईल ते लिहा."

"मग जासिराला बाहेर काढता येईल?"

"ती गोष्ट संपून वर्ष झालं, बाई."

"तुमची संपली," त्या म्हणाल्या. "मी तिला तिथे उभी करून आले. वर्षभर उभीच आहे ती."

त्यांनी यंत्रात कोरा कागद चढवला, एकच ओळ टाइप केली आणि हात मांडीत घेऊन बसल्या. मी वाकून वाचलं. जासिराने चूल विझवली आणि ती खुर्चीवर बसली.